लोकंट्रीत जुन्या प्लँटेशनच्या जमिनीवर राहायला जायचंय? नवख्यांसाठी सगळं, क्रमाने

अटलांटा, शार्लट, न्यू जर्सीकडच्या आपल्या लोकांकडून हल्ली हा प्रश्न फार येतो. मुलं कॉलेजला गेली, काम घरून चालतं किंवा रिटायरमेंट दोन-चार वर्षांवर आलीये, आता झाडी, पाणी, पक्षी असलेल्या ठिकाणी राहायचंय, आणि मग कुणीतरी साउथ कॅरोलायनाच्या ब्यूफर्ट काउंटीतले फोटो पाठवतं, मोठमोठे लाइव्ह ओक, फांद्यांवरून लोंबणारं करडं स्पॅनिश मॉस, खाडीत बगळे, आणि लगेच मेसेज, "कसं आहे गं हे, घ्यावं का?" प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी हे प्रकरण काय आहे ते. सव्हाना आणि चार्ल्स्टनच्या मधल्या या सखल किनाऱ्याला लोकंट्री म्हणतात. इथली बेटं आणि नदीकाठ पूर्वी निळीची, कापसाची, भाताची प्लँटेशन्स होती, नंतर शिकारीची राखीव रानं झाली आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत त्यातल्या बऱ्याच जागांवर वस्त्या झाल्या. सगळ्या सारख्या नाहीत हं. हिल्टन हेडवरचं सी पाइन्स हे यातलं जुनं, चार्ल्स फ्रेझरने १९५६ पासून वसवायला घेतलेलं. झाडं वाचवून रस्ते, मातकट रंगांची घरं, आणि हे सगळं खरेदीखताला जोडलेल्या अटींमध्ये पक्कं बांधलेलं, ही पद्धत तिथून पसरली, आणि आतलं ६०५ एकरांचं रान अजून राखलेलं आहे. पण आज तिथे टुरिस्ट भरपूर. स्प्रिंग आयलंड त्याच्या अगदी उलट, साधारण ३००० एकरांचं बेट, आधीच्या परवानगीप्रमाणे तिथे ५५०० घरं बसू शकत होती, १९९० मध्ये ज्यांनी ते घेतलं त्यांनी आकडा ४१० वर आणला आणि हजारावर एकर राखीव ठेवून सांभाळायला ट्रस्ट काढला. ब्रेज आयलंडचा प्लॅन तर मला सगळ्यात भारी वाटतो, ५५०० एकरांत ३२५ प्लॉट, प्रत्येक प्लॉट एक एकराचा गोल, आणि गोलाबाहेरचं सगळं सामायिक. पल्मेटो ब्लफ मात्र अवाढव्य, २०,००० एकर, त्यात हॉटेल, गावठाण, रान सांभाळणारी स्वतःची संस्था (कॉन्झर्व्हन्सी) असं सगळंच.

आता माझं मत आधीच सांगते म्हणजे पुढचं कळेल. या सगळ्यात घर ही सर्वात सोपी गोष्ट आहे. आधी जमीन समजून घ्यायची, मग पाणी, मग कागद, आणि घर अगदी शेवटी. बहुतेक लोक उलट करतात, किचन आयलंड बघून भाळतात, आणि भरतीची रेषा कुठवर येते ते घर घेतल्यावर विचारतात.

पायरी १: बघायला ऑगस्टमध्ये या

एप्रिलमध्ये सगळेच प्रेमात पडतात. अझेलिया फुललेले, पेंटेड बंटिंग नावाचा निळा-लाल-हिरवा पक्षी नुकताच आलेला, हवा मस्त. रियल इस्टेटवाले पण तेव्हाच बोलावतात. तुम्ही ऑगस्टमध्ये या, दुपारी दोन वाजता, ओहोटीच्या वेळी. दमटपणा मुंबईकरांना नवीन नाही, पण मुंबईत निदान वारा असतो. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, त्याला इथे प्लफ मड म्हणतात, आणि त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो. इथल्या माणसाला तो घरचा वास वाटतो, तुम्हाला काय वाटतं ते तिथे उभं राहून ठरवा. दुसरी फेरी मार्च-एप्रिल नाहीतर ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी करा, वारा पडलेला असताना, तेव्हा नो-सी-अम असतात. डोळ्याला दिसतही नाहीत इतके बारीक किडे, साध्या जाळीतून आत येतात आणि चावले की दोन दिवस खाजवत बसायचं. घर बघताना पोर्चची जाळी बारीक विणीची आहे का ते विचारायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला सांगते.

शक्य असेल तर सहा महिने भाड्याने राहा, कम्युनिटीत नाही जमलं तर ब्लफ्टन किंवा ब्यूफर्ट गावात. तेवढ्यात एक उन्हाळा नाहीतर एक वादळाचा सीझन तरी अंगावर जातो आणि उत्साह खरा आहे की फोटोचा ते कळतं.

पायरी २: जमीन कुणाची होती ते वाचून या

ही पायरी लोक गाळतात, "इतिहास नंतर वाचू" म्हणून. प्लीज गाळू नका. या जमिनीवर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी आणि त्यांच्या पोराबाळांनी पिढ्यान्पिढ्या गुलाम म्हणून राबून पीक काढलंय. आधी नीळ. १७४० च्या दशकात एलायझा लुकसने चार्ल्स्टनजवळ ती यशस्वी करून दाखवली आणि कॅरोलायनाची नीळ ब्रिटनला जायला लागली, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर ब्रिटिशांचं तिथलं अनुदान गेलं, त्यांनी निळीसाठी मोर्चा बंगाल-बिहारकडे वळवला, म्हणजे चंपारणच्या कहाणीचं एक टोक या खाड्यांपर्यंत येतं. मग सी आयलंड कॉटन, लांब धाग्याचा, प्रचंड महाग कापूस, आणि त्यावर इथल्या मालकांची चैन.

७ नोव्हेंबर १८६१ ला अमेरिकन यादवी युद्धात युनियनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या सरकारच्या, आरमाराने पोर्ट रॉयल साउंड घेतलं आणि मळेवाले घरंदारं टाकून पळाले. मागे राहिली साधारण दहा हजार गुलाम माणसं, जी आता निदान त्या मालकांची राहिली नव्हती. १८६२ मध्ये सेंट हेलेना बेटावर पेन स्कूल निघालं, हिल्टन हेडवर मिचेलव्हिल नावाचं सुटलेल्या लोकांचं स्वतःचं गाव उभं राहिलं, पुढे लिलावात काहींनी जमिनी विकत घेतल्या. त्यांचे वंशज म्हणजे गला-गीची लोक, त्यांची भाषा, जेवण, विणकाम सगळं आजही जिवंत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोंडकिडीने तो लांब धाग्याचा कापूस संपवला, उत्तरेकडच्या श्रीमंतांनी जुनी प्लँटेशन्स घेऊन लाव्हरीची शिकार करायला रानं राखली, आणि म्हणूनच आज इतकी झाडी शिल्लक आहे. नंतर पूल झाले, वस्त्या आल्या, टॅक्स वाढले, आणि कित्येक गला कुटुंबांच्या जमिनी गेल्या, विशेषतः जिथे मृत्युपत्र न करता जमीन सगळ्या वारसांच्या नावे सामायिक राहिली होती. सातबाऱ्यावर पंधरा नावं असलेल्या घरातल्या माणसाला हे फार समजवावं लागत नाही, एका वारसाने हिस्सा विकला की कोर्टातून सगळीच जमीन विक्रीला काढता यायची.

मग प्रत्यक्षात काय करायचं? घर बघायच्या आधी एक दिवस पेन सेंटरला, म्हणजे त्याच जुन्या पेन स्कूलच्या जागी, जा, मार्टिन लूथर किंग आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकात तिथे बैठकांना यायचे. जवळच रिकन्स्ट्रक्शन एरा नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे, तेही बघा. तुमच्या कम्युनिटीत टॅबीचे अवशेष असतील, म्हणजे शिंपल्यांचा चुना, वाळू, पाणी आणि अख्खे शिंपले घालून ओतलेल्या भिंती, स्प्रिंग आयलंडवर जॉर्ज एडवर्ड्सच्या घराचे आहेत तसे. त्या कुणी ओतल्या ते लक्षात ठेवा. त्यातला तुकडा आठवण म्हणून उचलायचा नाही, चढायचं नाही, आणि मुलीचं प्री-वेडिंग शूट तिथे ठेवायचा मोह आवरा, खरंच सांगते, इथल्या लोकांना ते बघून काय वाटतं ते त्यांच्या तोंडून ऐकलंय मी.

गेटच्या आत जुनी दफनभूमीही असू शकते. राज्याचा कायदा वंशजांना खासगी जागेतल्या कबरींपर्यंत जायची मुभा देतो, त्यामुळे गेटवर कुणी "आजोबांच्या कबरीला आलोय" म्हणालं तर तो पाहुणा नाही, त्याचा हक्क तुमच्यापेक्षा जुना आहे. तुमचा प्लॉट दफनभूमीला लागून आहे का ते सर्व्हेत बघून घ्या. आणि हो, सेंट हेलेनावर "गेटेड काही आहे का" म्हणून विचारू नका, तिथे १९९९ पासूनच्या काउंटीच्या नियमांनी गेटेड वस्ती, गोल्फ कोर्स, रिसॉर्ट यांना बंदी आहे, ती बेटावरच्या गला लोकांची संस्कृती टिकावी म्हणूनच.

पायरी ३: रान कुणाच्या नावावर आहे ते विचारा

ब्रोशरमध्ये हिरवा रंग असतो, तो हिरवा म्हणजे नक्की काय हे विचारायचं. माझ्या मते संपूर्ण खरेदीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. तीन प्रकार असतात.

सगळ्यात पक्का म्हणजे कॉन्झर्व्हेशन ईझमेंट. जमिनीवर बांधकामाचा हक्क कायमचा सोडून दिलेला दस्तऐवज, काउंटीत नोंदवलेला, आणि तो राखायची जबाबदारी बाहेरच्या लँड ट्रस्टकडे, उदाहरणार्थ इथला ओपन लँड ट्रस्ट. मालक बदलला तरी अट जमिनीबरोबर जाते. दुसरा प्रकार, कम्युनिटीच्या कव्हेनंट्समध्ये, म्हणजे खरेदीखताला जोडलेल्या अटींमध्ये, "ओपन स्पेस" म्हणून लिहिलेलं. हे बरं, पण ते किती मतांनी बदलता येतं ते वाचा, दोन तृतीयांश मतं म्हणजे अवघड वाटतं, पण वादळानंतर सगळ्यांना पैसे हवे असतात तेव्हा तितकं अवघड राहत नाही. तिसरा प्रकार म्हणजे नकाशावर नुसता हिरवा रंग आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात "भविष्यातील विकास". त्याला रान समजू नका, पुढच्या फेजचे प्लॉट आहेत ते.

त्याच्या मागोमाग विचारा की रान सांभाळायला पैसे कुठून येतात. काही ठिकाणी प्रत्येक विक्रीतला ठराविक टक्का ट्रस्टला जातो, स्प्रिंग आयलंडवर तसंच आहे, त्यातून नॅचरलिस्ट, म्हणजे रानाच्या जाणकार लोकांचे पगार, मुद्दाम आगी लावणं (का ते पायरी ७ मध्ये), पाहणी वगैरे चालतं. पगारी नॅचरलिस्ट आहे का, तो कुणाला उत्तर देतो, डेव्हलपर निघून गेल्यावर काय झालं, हे त्या नॅचरलिस्टलाच भेटून विचारा. सेल्स ऑफिसात याची उत्तरं मिळत नाहीत, आणि त्या माणसाबरोबर एक तास चाललात तर प्लॉटची माहिती फुकट मिळते.

पायरी ४: पाणी

इथे भरती-ओहोटीतला फरक सहा ते आठ फूट, कधी त्याहून जास्त. कोकणातल्या माणसाला दिवसाला दोन भरत्या शिकवायला नकोत, पण पुणेकरांनी फोनवर टाइड चार्टचं ॲप टाकून घ्या, कारण कयाक घेऊन निघालात आणि ओहोटी लागली तर चिखलात मांडीपर्यंत रुतून सहा तास बसावं लागतं. शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या, अनवाणी उतरू नका.

घरासाठी: फेमाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याच्या, नकाशावर प्लॉट कुठल्या फ्लड झोनमध्ये आहे ते बघा, एलेव्हेशन सर्टिफिकेट (घर किती उंचीवर आहे त्याचा दाखला) मागा, आणि आधीच्या मालकाला पूर-विम्याचा क्लेम मिळाला होता का ते लेखी विचारा. सरकारी पूर-विम्यात एका घराच्या इमारतीला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानाला १,००,००० डॉलर मिळतात. इथल्या घरांच्या किमती बघता ते पुरत नाही, मग वर खासगी विमा. नवीन सरकारी पॉलिसी लागू व्हायला साधारण ३० दिवस जातात (लोन घेताना क्लोजिंगला, म्हणजे खरेदी पक्की होताना, घेतली तर तो नियम लागत नाही), म्हणजे वादळ टीव्हीवर दिसायला लागल्यावर फोन करून उपयोग नाही. वाऱ्याच्या नुकसानीचं डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, वेगळं असतं, घराच्या विम्याच्या काही टक्के, ते डॉलरमध्ये किती होतं हे एजंटकडून कागदावर लिहून घ्या. हे कोट ऑफर द्यायच्या आधी, नंतर नाही.

वादळाचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर. गव्हर्नरने इव्हॅक्युएशनचा हुकूम दिला की निघायचं, यावर चर्चा नसते. ऑक्टोबर २०१६ च्या मॅथ्यू वादळात हिल्टन हेडच्या लोकांना परत यायला दिवस मोजावे लागले, रस्ते झाडांनी भरलेले, पूल तपासायचे होते. म्हणून तुमचा इव्हॅक्युएशनचा झोन पाठ करा, आतल्या भागात कुणाकडे जाणार ते आधीच ठरवा, अटलांटा-शार्लटचे मित्र इथे कामाला येतात, आणि औषधं, पासपोर्ट, विम्याचे कागद एका वॉटरप्रूफ बॅगेत जूनमध्येच भरून ठेवा.

"डॉक (बोट लावायचा धक्का) बांधता येईल" असं कुणी तोंडी म्हणालं तर हसून पुढे जा. खारफुटीसारख्या या दलदलीवर, म्हणजे सॉल्ट मार्शवर, राज्याचा ताबा आहे, परवानगी राज्याच्या पर्यावरण खात्याकडून येते, त्यावर कम्युनिटीचा स्वतःचा डॉक प्लॅन असतो, आणि दोन्ही मिळालं तरी ओहोटीला तुमची बोट चिखलावर बसणार असेल तर त्या डॉकवर फक्त चहा प्यायचा.

एक मजेची गोष्ट पण आहे. इथे कालवं काढता येतात! सीझन १ ऑक्टोबर ते १५ मे, राज्याने ठरवलेल्या सार्वजनिक जागांवरच, आणि खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचं लायसन्स काढून. कुठल्या जागा उघड्या आहेत ते निघण्याआधी तपासायचं, जोरदार पावसानंतर बंद करतात. इथले लोक कालवं शेगडीवर वाफवून मीठ-लोण्याबरोबर खातात, तुम्ही ओलं खोबरं घालून सुकं करा, पहिल्याच डिशला शेजारी दोस्त होतात.

पायरी ५: कागद आणि पैसे

कव्हेनंट्स अख्खे वाचा. बोअर असतात, शंभर-शंभर पानं असतात, तरी वाचा, चहाचं भांडं जवळ ठेवून. काय शोधायचं: वर्षाची असेसमेंट, म्हणजे कम्युनिटीची वर्गणी, किती आणि गेल्या पाच वर्षांत किती वाढली, रिझर्व्हमध्ये किती आहे (पूल, रस्ते, बंधारे यांची दुरुस्ती कम्युनिटीच्या खिशातून जाते), क्लबची मेंबरशिप सक्तीची आहे का, गोल्फ खेळत नसाल तरी फी भरायची का, क्लब सोडताना काय, विकताना ट्रान्सफर फी किती, प्लॉट घेतल्यावर किती वर्षांत बांधायलाच लागतं, आणि घर भाड्याने देता येतं का. क्लबचा मुद्दा हलक्यात घेऊ नका, या भागात असे प्लॉट निघतात की ज्यांची किंमत नावापुरती असते, कारण खरा खर्च दरवर्षीच्या फीमध्ये असतो. स्वस्त प्लॉट दिसला की आनंद होण्याआधी हे विचारायचं.

टॅक्सचं साउथ कॅरोलायनात असं आहे: तुम्ही तिथे कायम राहणार असाल तर घराच्या किमतीच्या ४ टक्क्यांवर कर लागतो, सेकंड होम असेल तर ६ टक्क्यांवर, आणि शिवाय कायम राहणाऱ्याला शाळेच्या चालू खर्चाच्या करातून सूट आहे, म्हणून प्रत्यक्ष बिलातला फरक दुपटीच्या पुढे जाऊ शकतो. ही सवलत आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, गाडीचं रजिस्ट्रेशन, लायसन्स सगळं इथलं दाखवून. आणि आधीच्या मालकाचं टॅक्स बिल बघून हिशोब करू नका, विक्री झाली की किंमत नव्याने लागते. क्लोजिंग इथे वकिलाच्या देखरेखीखालीच होतं, तो वकील तुमचा तुम्ही निवडा, सेलरने सुचवलेला घेऊ नका. त्याच्याकडून ईझमेंट्स, डॉक, दफनभूमी, हे तिन्ही विषय नाव घेऊन तपासून घ्या.

पायरी ६: घर

आर्किटेक्चरल रिव्ह्यू बोर्ड नावाची कमिटी असते, तिच्याशी भांडायचं नाही, तिची गाइडलाइन डिझायनर शोधायच्या आधी वाचायची. ट्री सर्व्हे आधी होतो, मोठ्या लाइव्ह ओकची मुळं जिथवर जातात तिथे पाया, ड्राइव्ह-वे, सेप्टिक काही नाही. घर रस्त्यावरून जेमतेम दिसावं अशी अपेक्षा असते, मधली झाडी तोडायची नाही, रंग मातकट, बाहेरचे दिवे खाली तोंड केलेले आणि मंद. आपल्याला दिवाळीत अख्खं घर उजळायचं असतं, तर आधीच विचारून ठेवा, पणत्या आणि पोर्चवरची माळ बहुतेक ठिकाणी चालते, फटाके विसरा, पाइनच्या वाळक्या सुयांचा थर पायाखाली असतो.

हिरवंगार लॉन विसरा. लावायचं तर इथलंच, यॉपॉन, वॅक्स मर्टल, सॉ पल्मेटो, म्युली ग्रास ज्याला शरदात गुलाबी धुक्यासारखे तुरे येतात. कढीपत्ता आणि तुळस कुंडीत, कारण थंडीत एखाद-दोन रात्री पारा शून्याखाली जातो आणि तेव्हा आत घ्यावं लागतं. भाजीचा वाफा घराशेजारी केलात तर हरणं भेंडी-टोमॅटो फस्त करतील आणि उंच कुंपणाला परवानगी मिळणार नाही, म्हणून सामायिक भाजीमळा आहे का ते विचारा. खर्च कुठे करायचा विचाराल तर जाळीच्या पोर्चवर करा, किचनवर नको. वर्षातले नऊ महिने तुम्ही तिथेच बसणार आहात.

पायरी ७: धूर, मगरी आणि बाकीचे शेजारी

हिवाळा संपता संपता एक दिवस रानातून धूर येईल. ९११ ला फोन करू नका. ती मुद्दाम लावलेली आग असते, परवानगी काढून, वारा बघून. लाँगलीफ पाइनचं रान आगीवरच जगतं, खालचं झुडूप जळलं की गवत येतं, गवतात लाव्हरी येतात, आणि आग बंद केली की सगळं जंगल गचपण होऊन जातं, मग कधीतरी वीज पडून जी आग लागते ती कुणाला आवरत नाही. एके काळी दक्षिणेत ९ कोटी एकर लाँगलीफ होतं, आता त्याच्या साधारण पाच टक्केच उरलंय. बर्नच्या दिवसांची सूचना ईमेलवर येते, घरात दमा असलेलं कुणी असेल तर नाव आधी नोंदवून ठेवा म्हणजे ते फोन करतात.

तळ्यात ॲलिगेटर असतोच, "आहे का" विचारायचंच नाही. त्याला खायला घालणं राज्यात गुन्हा आहे, कारण एकदा माणसाकडून खाणं मिळालं की तो माणसाकडे येतो आणि मग त्याला मारावं लागतं. तळ्याच्या काठापासून लांब चाला, कुत्रा पट्ट्यावर, नातवंडं हाताशी, आणि संध्याकाळनंतर तर नाहीच. साप दिसला तर फोटो काढा लांबून आणि नॅचरलिस्टला पाठवा, बहुतेक बिनविषारी निघतो, पण कॉपरहेड, कॉटनमाउथ आणि डायमंडबॅक रॅटलस्नेक तिन्ही इथे आहेत, म्हणून रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडू नका. लाल मुंग्यांच्या वारुळात पाय पडला तर काय होतं ते एकदाच कळावं लागतं, पुढे सगळे बघून चालतात.

गोचीड मात्र मनावर घ्या. लोन स्टार नावाची गोचीड चावल्यावर काहींना लाल मांसाची ॲलर्जी होते, अल्फा-गल म्हणतात त्याला, खाल्ल्यावर तीन-चार तासांनी पित्त उठतं, कधी त्याहून गंभीर. रविवारच्या मटणावर जीव असलेल्यांनी तर रानातून आल्यावर अंग तपासायची सवय लावाच, पॅन्टवर परमेथ्रिन मारा, मोजे पॅन्टवरून ओढा, कसं दिसतं त्याची चिंता नको, इथे सगळेच तसे फिरतात.

पायरी ८: रोजचं जगणं

किराणा. कोथिंबीर-आलं ब्लफ्टनच्या सुपरमार्केटात मिळतं, पण थालीपिठाची भाजणी, ताजा कढीपत्ता, चांगलं गूळ-तूप यासाठी अटलांटाची ट्रिप, जाताना कूलर न्यायचा आणि परत येताना डिकी भरून आणायची. मराठी मंडळ पण अटलांटा किंवा शार्लटचंच, गणपतीला जायचं तर सुट्टी आधी टाकून ठेवा. विमानतळ सव्हाना, पाऊण-एक तास. दवाखाना किती मिनिटांवर आहे आणि ॲम्ब्युलन्स गेटमधून कशी येते हे पन्नाशीनंतर घर घेणाऱ्याने विचारलंच पाहिजे.

आई-बाबा भारतातून सहा महिने येणार असतील तर त्यांच्याशी आधीच मोकळं बोला. गेटच्या बाहेर चालत जाण्यासारखं काही नाही, दुकान नाही, देऊळ नाही, रस्त्यावर माणूस नाही. बाबांना गोल्फ कार्ट चालवता आली तर त्यांचे दिवस छान जातात (लायसन्स आणि आतले नियम बघा), आईंना बर्ड फीडर आणि दुर्बीण द्या, आमच्याकडे एका आजींनी महिन्याभरात कार्डिनल, चिकडी, रेन यांना मराठी नावं ठेवली होती. पण गप्पांना माणसं लागतातच, तेव्हा वीकएंडला कुणाला बोलवायचं ते ठरवून ठेवा, आणि पाहुण्यांची नावं गेटवर आदल्या दिवशी द्या, नाहीतर तिथे अडकलेले काका तुम्हाला जन्मभर ऐकवतील.

शेजारी बहुतेक निवृत्त, गोरे, सधन. आपण वेगळे दिसतो, पहिले काही महिने "तुम्ही कुणाकडे आलात" असं विचारलं जाऊ शकतं. त्यावर उपाय म्हणजे कामात घुसणं, ब्लूबर्डच्या पेट्या तपासणारा ग्रुप, डिसेंबरमधली पक्षीगणना, क्लेमसन विद्यापीठाच्या विस्तार केंद्रामार्फत चालणारा मास्टर नॅचरलिस्टचा कोर्स. त्या कोर्सची फी मला सगळ्यात वसूल झालेली फी वाटते, चिखल, भरती, गवत, आग सगळं पायी फिरून शिकवतात आणि ओळखी होतात त्या क्लबच्या पार्टीत होणाऱ्यांपेक्षा टिकाऊ असतात. जागा पटकन भरतात, तेव्हा घराचं क्लोजिंग व्हायची वाट न बघता आधी त्याचं रजिस्ट्रेशन करून टाका.